दार नसलेली खोली

१

"बहिणीला न्यायला आलोय," असं म्हणत त्या गृहस्थाने वॉर्डच्या टेबलावर घडी केलेली शाल ठेवली. "गाडीत वारा लागतो ना, म्हणून आणली."

इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, चेहऱ्यावर शिक्षकी हसू. गणिताचे क्लास घेणारा माणूस. त्याला सगळे सरच म्हणत. मागे, थोडं अंतर राखून, त्याची बायको रिकामी पिशवी घेऊन उभी होती.

मनोरुग्णांच्या त्या महिला वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर औषधांचे ट्रे लावत होती. तिने मान वर केली. सरांनी बहिणीचं नाव सांगितलं खरं, पण त्या नावाने तिला वॉर्डात कोण ओळखत होतं? पुस्तकबांधणीच्या कारखान्यात तिची उमेदीची वर्षं गेलेली. इथे आल्यावरही वाचनाच्या कोपऱ्यातल्या यच्चयावत फाटक्या पुस्तकांना तिने नवे पुठ्ठे चढवले होते. म्हणून सगळ्यांची ती बाइंडरबाई.

"बाइंडरबाई होय! अहो, त्यांना मघाशीच घरी सोडलं की."

"कुणाबरोबर?"

"त्यांच्या भावाबरोबर. आले होते ना ते सकाळी."

सरांचं हसू तसंच राहिलं, पण आता ते चेहऱ्यावर कुणी चिकटवल्यासारखं दिसायला लागलं.

"सिस्टर, माझ्या बहिणीला भाऊ एकच आहे," ते सावकाश म्हणाले. "आणि तो तुमच्यासमोर उभा आहे."

सिस्टरच्या हातातला ट्रे कलला. गोळ्या टपटप जमिनीवर सांडल्या, आणि त्या वेचायचंही भान तिला राहिलं नाही. सरांच्या मागे त्यांच्या बायकोने डोळे मिटून घेतले.

२

हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंना पाठीमागे सगळे फौजदारीण म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. स्थूल देह, कुरकुरणारे गुडघे, आणि समोरच्याच्या बोलण्यात मध्ये न बोलण्याची एक भयंकर सवय. प्रश्न विचारून त्या गप्प बसत. ती शांतता सहन न होऊन भलेभले नको ते बोलून जात.

बातमी ऐकली तशा त्या तडक मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत रुग्ण पळालेले त्यांनी पाहिले होते, भिंतीवरून उड्या मारलेले पाहिले होते. पण आपणच एक बाई नीट केस विंचरून, औषधांची पिशवी हातात देऊन, कुणा अनोळखी पुरुषाच्या स्वाधीन केली? हे असं कधी घडलं नव्हतं.

"मेट्रन, पोलिसांना कळवलंय," हॉस्पिटलचे प्रमुख, मोठे डॉक्टर, घाम पुसत म्हणाले. "ते येईपर्यंत काय ते शोधा. त्या बाईंचं काही बरंवाईट झालं तर..."

मेट्रन आधी फाटकाशी गेल्या. तिथला पहारेकरी जुना, आणि नियमाला अडून बसणारा. नातेवाइकांना भेटीची वेळ झाल्याशिवाय तो साक्षात देवालाही आत सोडणार नाही, अशी त्याची ख्याती.

"सकाळी कोण आलं होतं?"

"कुणी नाही, बाई."

"नीट आठव. एक पुरुष आला, वॉर्डात गेला, आणि आपल्या बाइंडरबाईंना घेऊन बाहेर पडला."

"शपथेवर सांगतो. हे सर आणि त्यांच्या बाई आल्या, त्याआधी बाहेरचा एकही माणूस मी आत सोडलेला नाही. आणि आतून बाहेर? एक रिक्षा गेली, ती नेहमीची. तिच्यात कोण बसलंय ते वाकून कशाला बघू?"

मेट्रन त्याच्याकडे बघत राहिल्या. तो नजर चुकवत नव्हता. खोटं बोलणाऱ्याला इतका राग येत नाही.

म्हणजे बाहेरून कुणी आलंच नाही, आणि तरीही एक जण येऊन बाईला घेऊन गेला. नेणारा बाहेरचा नव्हताच तर. तो आपल्यातलाच कुणी होता.

३

तरुण डॉक्टर आधीच वैतागलेले होते.

"मी कालच डिस्चार्जवर सही केली. सोशल वर्कर म्हणाल्या, घर चांगलं आहे. मग सही करणार नाही तर काय करणार? न्यायला आलेला भाऊ खरा की खोटा, हे बघणं डॉक्टरचं काम आहे का? ते सिस्टर बघतात."

सिस्टरचे डोळे रडून लाल झाले होते. मेट्रननीच तिला शिकवून तयार केलं होतं. ती अशी चूक करेल हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

"मी औषधांच्या खोलीत होते, मॅडम. मावशी म्हणाली, भाऊ आलेत. मला वाटलं, सोशल वर्करताईंनीच पाठवले असतील. मी आतूनच म्हटलं, पाठव."

"तोंड बघितलं नाहीस?"

"नाही."

सोशल वर्करताई म्हणाल्या, "मी मागच्या आठवड्यातच सरांना फोन करून आज दहाच्या सुमारास बोलावलं. माझं काम तिथे संपलं. माणूस ताब्यात देणं हे वॉर्डाचं काम."

राहिली वॉर्डातली मावशी. ती या आठवड्यातच इथे नवी लागलेली. "मला काय ठाऊक बाई, कोण कुणाचा भाऊ? सिस्टर म्हणाल्या पाठव, मी पाठवलं."

सात सुगरणी आणि भाजी अळणी! प्रत्येकीने मीठ दुसरी घालील म्हणून हात आखडलेला. मेट्रनना ओरडावंसं वाटलं, पण त्या सवयीने गप्प बसल्या. आणि त्या शांततेत मावशी आपणहून बोलायला लागली.

"म्हातारा होता बाई तो. चांगला वाटला. गोळ्या कुठे मिळतात ते मी सांगायच्या आतच औषधांच्या खिडकीकडे वळला. सकाळच्या वेगळ्या बांधा, रात्रीच्या वेगळ्या, असं सांगत होता. नखांच्या कडेला पांढरं पांढरं वाळलेलं काहीतरी होतं. आणि आपल्या बाई त्याला दादा म्हणाल्या. 'दादा, आलात तुम्ही,' असं म्हणाल्या, आणि अशा हसल्या..."

"दादा म्हणाल्या? तू स्वतः ऐकलंस?"

"या कानांनी."

म्हणजे तिला कुणी फसवून नेलं नव्हतं. ती त्याला ओळखत होती. मेट्रननी सिस्टरकडे वळून विचारलं, "याआधीही हिला घरी सोडायचं ठरलं होतं ना?"

"दोनदा. दोन्ही वेळा जायच्या आदल्या दिवशी बिघडली. जेवण बंद, बोलणं बंद, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. डॉक्टर म्हणाले, आजार उलटला. पण या वेळी..." सिस्टर एकदम थबकली. "या वेळी ती आठवडाभर आनंदात होती, मॅडम. पिशवीसुद्धा स्वतः भरली."

"कारण या वेळी आपल्याला भाऊ न्यायला येणार नाही, हे तिला कळलं होतं," मेट्रन म्हणाल्या. "प्रश्न एवढाच, की तिला ते सांगितलं कुणी?"

४

सर मेट्रनच्या खोलीत येरझाऱ्या घालत होते. बायको दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसली होती.

"तुम्हाला ती दादा म्हणायची का हो?" मेट्रननी विचारलं.

"मला? मी तिच्यापेक्षा लहान आहे. छोटू म्हणते ती मला, अजूनही. मॅडम, आई-वडिलांमागे मीच सांभाळतोय तिला. लग्न झालं नाही, डोकं हे असं. पण घरी तिचा काडीचा त्रास नाही. संध्याकाळी लवकर जेवते, खोलीत जाते. रात्री एकदासुद्धा उठत नाही, इतकी शांत. तुमच्या ताई घरी येऊन बघून गेल्यात, विचारा त्यांना."

"भेटायला कोण यायचं?"

"मला क्लासमधून वेळ कुठे? हीच यायची, धुतलेले कपडे घेऊन."

"मागच्या आठवड्यात आला होतात का, वहिनी?"

वहिनींनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग मान हलवली. हो.

तेवढ्यात वाऱ्याने दार धाडकन लागलं. वहिनी ताडकन उठल्या. त्यांनी दाराची मूठ फिरवली, दार उघडलं, बाहेर मोकळा व्हरांडा पाहिला, आणि दार अर्धवट उघडं ठेवून पुन्हा खुर्चीत बसल्या. हे सगळं इतकं झटकन झालं, की आपण काय केलं हे बहुधा त्यांचं त्यांनाही कळलं नसावं.

"नीट बस," सर म्हणाले. आवाज मुळीच चढला नव्हता.

वहिनींनी पाय जवळ घेतले.

मेट्रननी त्या अर्धवट उघड्या दाराकडे पाहिलं. त्या उठल्या आणि पुन्हा वॉर्डाकडे निघाल्या. अजून एक साक्षीदार राहिला होता, आणि त्याचं काही ऐकून घ्यावं असं कुणाच्याही मनात आलं नव्हतं.

५

बाइंडरबाईच्या शेजारच्या खाटेवर जी रुग्ण राहत असे, तिला वॉर्डात रेडिओ म्हणत. कानावर पडेल ते ती पाठ करी आणि दिवसभर बोलत राही. स्वतःचं असं ती जवळजवळ काहीच बोलत नसे, त्यामुळे कुणी लक्ष देत नसे. डॉक्टरांचं लक्ष नाही, सिस्टरचं नाही. आजही तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

मेट्रन तिच्या खाटेच्या कडेवर बसल्या. गुडघे चोळत म्हणाल्या, "काय गं, आज काय बातमी?"

रेडिओने खुशीत मान डोलावली. आणि मग ती बोलली ते तिच्या आवाजात नव्हतं. एका म्हाताऱ्या, मायाळू पुरुषाच्या सुरात ती म्हणाली, "'चल बाळ. खोली लहान आहे. पण खोलीला दार नाही. नुसता पडदा आहे. खळीचा वास येईल, चालेल ना?'"

"आणि ती काय म्हणाली?"

"'दादा, तो वास आला की मला झोप लागते.'"

खळ! पुठ्ठे चिकटवायची खळ. नखांच्या कडांना वाळून पांढरी होते ती. मेट्रन गुडघ्यांची पर्वा न करता उठल्या आणि फाटकापर्यंत जवळजवळ धावत गेल्या.

"बाइंडिंगवाले दादा आज आले होते?"

"आले होते की," पहारेकरी म्हणाला. "केसपेपरांचे बांधलेले गठ्ठे घेऊन, नेहमीप्रमाणे. रिक्षानेच येतात ते."

"अरे, मग मघाशी कुणी आलं नाही म्हणालास ते?"

तो बिचारा गोंधळला. "बाहेरचं कुणी आलं का, असं विचारलंत तुम्ही. दादा कुठे बाहेरचे, बाई? इतकी वर्षं येतायत!"

कागदपत्रांची खोली औषधांच्या खिडकीला लागूनच होती, म्हणून म्हाताऱ्याला वाट विचारावी लागली नाही. वॉर्डातल्या जुन्या माणसांपैकी त्याचं तोंड कुणी पाहिलं नाही, आणि पाहिलं ते नव्या मावशीने, जी त्याला ओळखत नव्हती. बाइंडरबाई आजारी पडण्याआधी कामाला होती ती याच दादांकडे.

मेट्रननी फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"फोनचीच वाट बघत होतो," दादा म्हणाले. "सुखरूप आहे ती. माझी बायको तिच्याजवळ बसलीय. पोलिसांना पाठवायचं तर पाठवा, मी कुठे पळून जात नाही."

मेट्रनच्या जिवात जीव आला, आणि पाठोपाठ संतापही. "दादा, शोभतं का हे तुमच्या वयाला? खोटं नातं सांगून बाई पळवून नेता? का केलंत असं?"

"ते तिने तुमच्याच माणसांना सांगितलंय," दादा म्हणाले. "एकदा नाही, अनेकदा. डॉक्टरांना सांगितलं, सिस्टरला सांगितलं. तुमच्या त्या ताई तर घरी जाऊन डोळ्यांनी बघून आल्या. त्यांना विचारा."

६

वॉर्डच्या जेवणाच्या टेबलाभोवती मेट्रननी तिघांना बसवलं. एकाच रुग्णावर इतके महिने काम करणारी ही माणसं एका टेबलाशी पहिल्यांदाच बसत होती. सकाळचा राउंड डॉक्टरांचा, दुपार सोशल वर्करताईंची, आणि सिस्टर दोघांच्याही मागे फाइल घेऊन पळणारी.

"कुणाची चूक ते मला नकोय," मेट्रन म्हणाल्या. "ती तुमच्यापाशी कशाबद्दल कुरकुरायची, तेवढंच सांगा. फालतू वाटलं तरी सांगा."

"झोपेबद्दल," डॉक्टर म्हणाले. "रात्री कडी वाजली की छातीत धडधडतं, म्हणायची. वॉर्डाचं दार रात्री लावतात, त्याचाच आवाज असणार. मी झोपेची गोळी वाढवली."

सिस्टर चमकून म्हणाली, "वॉर्डाच्या दाराला कडी नाहीये, डॉक्टर. किल्लीचं कुलूप आहे. त्याचा आवाजसुद्धा होत नाही."

"तुझं सांग," मेट्रन सिस्टरला म्हणाल्या.

"ती संध्याकाळनंतर पाणी पीत नसे. कितीही उकाडा असो, घोटभरसुद्धा नाही. विचारलं तर म्हणायची, रात्री लागली तर काय करू? मी म्हणायचे, अहो, बाथरूम ही काय समोर! तर नुसती बघत राहायची. मला वाटलं, आजारातलंच काही खूळ आहे. आणि झोपताना चप्पल दाराच्या फटीत अडकवून ठेवायची. मी रोज काढायचे, ती रोज ठेवायची."

"हे तू कुणाला सांगितलंस?"

"राउंडला सांगायला गेले होते," सिस्टर खाली बघत म्हणाली. "डॉक्टर घाईत होते."

सोशल वर्करताईंच्या चेहऱ्याचा रंग उतरत चालला होता.

"मी तिची खोली पाहिली," त्या कशाबशा म्हणाल्या. "स्वच्छ होती. खिडकीला गज. दाराला आतून काहीच नव्हतं. कडी बाहेरून होती. आणि भाऊ सारखं सांगत होता, की रात्री ती एकदासुद्धा उठत नाही. मी... मी ते चांगलं म्हणून लिहिलं."

मग डॉक्टर उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. "म्हणजे घरी तिला रोज रात्री बाहेरून कडी लावून कोंडायचे? पाण्यावाचून, बाथरूमवाचून? आणि ती मला हे सांगत होती, आणि मी तिला गोळ्या देत होतो? दोनदा आम्ही तिला तिथेच परत पाठवायला निघालो होतो. ती घाबरत होती, आणि मी लिहिलं, आजार उलटला."

सिस्टर तोंडावर हात धरून बसली होती. तिघांकडेही एकेक तुकडा होता. ते कधी शेजारी शेजारी ठेवले गेले नव्हते, एवढंच.

मेट्रन मात्र अजून थांबल्या नव्हत्या. सोशल वर्करताईंकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही घरी कधी गेला होतात?"

"मागच्या आठवड्यात."

"कडी कशी होती?"

"कशी म्हणजे?"

"आठवा. गंजलेली, धूळ बसलेली?"

ताईंनी डोळे मिटले. "नाही. बाकीच्या दारांच्या कड्या जुन्या, काळ्या पडलेल्या होत्या. ही घासून चकचकीत झाली होती. सहज सरकत होती. मी हात लावून पाहिला. मला वाटलं, घर किती नीट ठेवतात!"

"बाइंडरबाई आपल्याकडे किती महिने आहे?"

एकेकाच्या चेहऱ्यावरून मेट्रनना कळत गेलं, की ते त्यांच्यापर्यंत पोचतंय. इतके महिने ती खोली रिकामी असायला हवी होती. रिकाम्या खोलीची कडी रोज हात लागल्याशिवाय अशी चकचकीत राहत नाही.

"अरे देवा," सिस्टर कुजबुजली. "मग आता तिथे कोण झोपतंय?"

७

पोलीस इन्स्पेक्टर मेट्रनच्या खोलीत आले होते. मोठे डॉक्टर त्यांच्याशेजारी उभे होते. सर तावातावाने बोलत होते: हॉस्पिटलवर खटला भरीन, वर्तमानपत्रात देईन, एकेकाला कोर्टात खेचीन.

मेट्रन आत आल्या, आणि दार त्यांनी मुद्दाम सताड उघडं ठेवलं. त्यांच्यामागून डॉक्टर, सिस्टर आणि सोशल वर्करताई आत आले आणि भिंतीशी उभे राहिले.

"तुमची बहीण सापडली आहे, सर. सुखरूप आहे. ती स्वतःच्या मर्जीने गेली."

"तिची मर्जी? वेड्या माणसाला कसली मर्जी?"

"तिला बिनकडीच्या खोलीत झोपायचं होतं."

सरांचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग ते पुन्हा तेच शिक्षकी हसू हसले. "अच्छा, ते होय! अहो, तिच्याच भल्यासाठी होतं ते. रात्री भ्रमात उठून रस्त्यावर गेली असती तर जबाबदार कोण? घर म्हटलं की शिस्त हवी. माझ्या बायकोला विचारा, ती सांगेल."

"तेच विचारणार आहे," मेट्रन म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून वहिनींच्या शेजारी बसल्या. "वहिनी, दादांना वेळ कुणी कळवली, ते मला कळलंय. आजची वेळ आमच्या ताईंनी फक्त तुमच्या घरी सांगितली होती. यांनी तर दादांना सांगितली नसणार. मागच्या आठवड्यात कपडे घेऊन आलात, तेव्हा तुम्हीच नणंदेच्या कानात सांगितलंत, की या वेळी दादा येतील. बरोबर?"

सरांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. "तू?"

"घाबरू नका. त्यासाठी तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही. मला दुसरंच विचारायचंय." मेट्रनचा आवाज अगदी खाली आला. "तुमची नणंद इथे आली. मग त्या खोलीत रात्री कोण असतं?"

सर म्हणाले, "हा काय मूर्खपणा..." आणि इन्स्पेक्टरांनी नुसता हात वर करून त्यांना गप्प केलं.

मेट्रन थांबल्या. त्यांना थांबता येत असे.

"मी," वहिनी म्हणाल्या.

एवढा एक शब्द बाहेर आला, आणि मग बांध फुटल्यासारखं झालं. "नणंदबाई इथे आल्यावर मी यांना बोलले, की चूक झाली, असं कोंडायला नको होतं. त्या रात्री यांनी मला आत ढकललं. म्हणाले, तुलाही तिची बाधा झालीय. तेव्हापासून रोज. सकाळी क्लासची मुलं यायच्या आधी उघडतात. मला सांगत होते, कुणाला बोललीस तर तुलाही त्याच हॉस्पिटलात टाकीन, आणि तिथले डॉक्टर माझंच ऐकतात." वहिनींनी भिंतीशी उभ्या तरुण डॉक्टरांकडे पाहिलं. "ऐकतच होतात तुम्ही त्यांचं."

"मग स्वतः का नाही सुटलात, वहिनी?" सोशल वर्करताई रडत म्हणाल्या. "मी घरी आले होते. चहा केलात तुम्ही मला. एक शब्द बोलायचात!"

"तुम्ही त्यांच्याशीच बोलत होतात," वहिनी म्हणाल्या. "आणि मी विचार केला, आधी नणंदबाईंना तरी वाचवू. दोघींना एकदम कोण नेणार होतं?"

सर दाराकडे निघाले. दारात इन्स्पेक्टर उभे होते. "चला सर, आपण जरा निवांत बोलू," ते म्हणाले, आणि त्यांच्या दंडाला धरून त्यांना घेऊन गेले. शाल वॉर्डच्या टेबलावर तशीच राहिली.

दुपारी हॉस्पिटलची गाडी बाइंडिंगच्या कारखान्याकडे निघाली. पुढे मेट्रन, मागे वहिनी आणि ते तिघं. मेट्रन मागे न वळताच म्हणाल्या, "उद्यापासून कुणालाही घरी सोडायचं ठरलं, की तुम्ही तिघं एका टेबलाशी बसाल. आणि जी घरी जाणार, ती चौथ्या खुर्चीवर. कोण येत नाही ते मी बघतेच."

"येऊ," डॉक्टर म्हणाले.

कारखान्याच्या माळ्यावर, कागदांच्या थप्प्यांच्या मागे, बाइंडरबाई एका लहानशा खोलीत बसली होती. दादा हात जोडून समोर आले. मेट्रननी त्यांना खालीच गाठून झाडलं होतं: आज तुम्ही होतात म्हणून निभावलं, उद्या दुसरा कुणी असाच भाऊ बनून आला असता तर? दादांनी निमूट ऐकून घेतलं, आणि मग म्हणाले, "तो आला असता तरी तुम्ही त्याच्याकडे बघितलं नसतंच, बाई."

डॉक्टर जमिनीवरच बसले, बाइंडरबाईच्या समोर. त्यांनी विचारलं, "तुम्हाला कुठे राहायचंय?"

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. हा प्रश्न डॉक्टर विचारतायत, यावर तिचा विश्वास बसत नसावा.

"इथे," ती म्हणाली. "औषधं घेईन मी. तुमच्याकडे दाखवायलाही येईन. पण राहीन इथे." आणि मग तिची नजर डॉक्टरांच्या खांद्यावरून मागे गेली. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर वहिनी उभ्या होत्या. बाइंडरबाई धडपडत उठली. "तू कशी आलीस? त्याने सोडलं?"

"आणि वहिनी, तुम्ही?" मेट्रननी विचारलं. "तुम्हाला कुठे जायचंय? माहेर आहे, मैत्रीण आहे, सांगाल तिथे सोडते."

वहिनी विचार करत राहिल्या. जणू कुणी परक्या भाषेत काहीतरी विचारलं होतं, आणि त्या एकेक शब्द लावून बघत होत्या.

"मला माहीत नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "खरंच माहीत नाही हो."

"नसू दे," बाइंडरबाई म्हणाली, आणि तिने आपल्या वहिनीला हाताला धरून आत घेतलं. "काही घाई नाही. सकाळपासून काही खाल्लंयस का? ये, आधी दोन घास खाऊन घे."